प्रश्न मुलाने विचारलाय, उत्तर बाबांनी द्यायचंय

पत्र

ताई, आम्ही नाशिकला असतो. माझे यजमान अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहेत, शिफ्टची नोकरी. मुलगा सतरा वर्षांचा, यंदा बारावी सायन्स. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. मुलाला प्राइमवरच्या 'इन्विन्सिबल' या कार्टूनचं वेड आहे. फेब्रुवारीत त्याचा नवा सीझन आला आणि ऐन बारावीच्या परीक्षेत दर गुरुवारी हा मोबाईल घेऊन बसायचा. "परीक्षा होऊ दे, मग बघ," असं मी किती वेळा सांगितलं, पण ऐकलं नाही. बघताना ओरडतो, मध्येच उठून खोलीत फेऱ्या मारतो. शेवटचा भाग झाला त्या रात्री चक्क रडला. शाळेपासूनच्या मित्राशी यावरून भांडण झालं, अ‍ॅनिमेशन चांगलं की वाईट म्हणून, आणि आठवडाभर दोघं बोलले नाहीत. मी एकदा मागे उभं राहून पाहिलं तर नुसतं रक्त. धाकटीही त्याच्या खांद्यावरून डोकावते.

परीक्षा संपल्यावर त्याने सगळं पहिल्यापासून पुन्हा बघितलं. गेल्या आठवड्यात रात्री जेवताना एकदम ह्यांना म्हणाला, "बाबा, मी आठवीत असताना तुम्ही मला पट्ट्याने मारलं होतं ना, त्यानंतर तुम्हाला काय वाटलं होतं?" हे ताटावरून उठून गेले. तेव्हापासून बापलेकांत अबोला आहे. हे म्हणतात, या मालिकेने पोराचं डोकं फिरवलंय, प्राइम बंद करून टाक. सीईटी तोंडावर आलीय. मी काय करू?

एक आई, नाशिक

उत्तर

प्राइम बंद करू नका. निदान आत्ता, या कारणासाठी तरी नकोच. मुलाने जेवताना प्रश्न विचारला आणि दुसऱ्या दिवशी मालिका बंद झाली, तर या घरात असलं काही विचारायचं नसतं, एवढंच तो त्यातून शिकेल. मग पुढचे प्रश्न तो तुम्हाला विचारणार नाही.

तुमच्या पत्रात मालिकेबद्दल बरंच आहे आणि त्या रात्रीबद्दल चार ओळी. मी त्या चार ओळींवरच जास्त बोलणार आहे. पण त्याआधी ही मालिका कशाबद्दल आहे ते तुम्हाला सांगायला हवं, कारण मागे उभं राहून दोन मिनिटं पाहिलं तर तिच्यात रक्ताशिवाय काही दिसत नाही. (ज्या वाचकांना तिसरा सीझन बघायचा आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडून द्यावेत, मी कथा फोडणार आहे.)

'इन्विन्सिबल' आधी कॉमिक म्हणून आलं. रॉबर्ट कर्कमनने ते लिहिलं, चित्रं कोरी वॉकर आणि रायन ऑटली यांची. २००३ ते २०१८ या काळात त्याचे १४४ अंक निघाले. अ‍ॅनिमेटेड मालिका मार्च २०२१ मध्ये सुरू झाली. नायक मार्क ग्रेसन सुरुवातीला सतरा वर्षांचा आहे, तुमच्या मुलाच्याच वयाचा. त्याचे वडील नोलन हे पृथ्वीवरचे सगळ्यात ताकदवान सुपरहिरो. पोराला वडिलांचा केवढा अभिमान! आपल्याला त्यांच्यासारख्या शक्ती कधी मिळतील याची तो वाट बघत असतो. त्या मिळतात. आणि मग हळूहळू कळतं की वडील पृथ्वीचं रक्षण करायला आलेलेच नाहीत, आपल्या साम्राज्यासाठी ती ताब्यात घ्यायला आलेत.

पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात वडील मुलाला मारतात. चापटी-धपाट्यांचं मारणं नव्हे. अख्खं शहर उद्ध्वस्त होतं, हजारो माणसं मरतात, आणि शेवटी एका डोंगरावर, रक्तबंबाळ होऊन पडलेल्या मुलाच्या अंगावर बसून वडील ओरडून विचारतात की पाचशे वर्षांनी ही सगळी माणसं मेलेली असतील, तेव्हा तुझ्याजवळ काय उरेल? मुलाचे दात पडलेत, एक डोळा सुजून बंद झालाय. तरी तो उत्तर देतो की बाबा, तुम्ही असाल. वडिलांचा उगारलेला हात तिथेच थांबतो. त्यांना हा मुलगा लहान असताना बेसबॉल खेळतानाचा दिवस आठवतो. आणि ते मुलाला तसंच टाकून आकाशात निघून जातात, डोळ्यांत पाणी घेऊन.

तुमच्या मुलाने परीक्षेनंतर पहिल्यापासून सगळं पुन्हा बघितलं, म्हणजे हा भागही पुन्हा बघितला. आता त्याने जेवताना विचारलेला प्रश्न पुन्हा वाचा. "मला का मारलंत?" असं त्याने विचारलेलं नाही. मारल्यानंतर तुम्हाला काय वाटलं, असं विचारलंय. नोलनला काय वाटलं हे त्याने पडद्यावर पाहिलंय. आपल्या बाबांना काय वाटलं हे त्याला चार वर्षांत कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून डोकं फिरलंय असं मला अजिबात वाटत नाही. एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट विचारायचं धाडस त्याला झालं, तेही सगळे समोर असताना आणि आवाज न चढवता. मला या मुलाचं कौतुक वाटलं.

आता त्याने परीक्षेत पाहिलेल्या सीझनबद्दल, म्हणजे तिसऱ्या. तो ६ फेब्रुवारी २०२५ ला आला. पहिल्या दिवशी तीन भाग, मग दर गुरुवारी एक, शेवटचा १३ मार्चला. बारावीच्या मुलांसाठी याहून वाईट वेळापत्रक शोधून सापडलं नसतं. पण मुलगा दर आठवड्याला पाऊण-एक तास बसत असेल आणि बाकीचा वेळ अभ्यास करत असेल, तर त्यात फार काही बिघडलं असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या ताणात आठवड्यातून एकदा ओरडायला, फेऱ्या मारायला, रडायला त्याला एक जागा होती.

या सीझनमध्ये वडील पृथ्वीवर नाहीतच. सुरुवातीला ते दूर कुठेतरी कैदेत आहेत, आणि मुलाशी त्यांची भेटही होत नाही. तरी सगळा सीझन त्यांच्यामुळेच घडतो. एक माणूस येतो, पॉवरप्लेक्स नावाचा. पहिल्या सीझनमधल्या त्या बापलेकांच्या लढाईत त्याची बहीण आणि भाची मेलेली असते. वडील निघून गेले, म्हणून त्याचा सगळा राग मुलावर. मार्क परोपरीने माफी मागतो, पण त्या माणसाला माफी नको असते, आणि सूड घेण्याच्या नादात त्याच्याच हातून त्याची बायको आणि लहान मुलगा जातात. हा सहावा भाग. त्याचं नावच असं आहे की मी फक्त सॉरी म्हणू शकतो. परीक्षेच्या ऐन मध्यात, फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी तुमच्या मुलाने तो पाहिला असेल.

त्यानंतरच्या भागात इतर विश्वांमधले अनेक मार्क पृथ्वीवर सोडले जातात. चेहरा तोच, आवाज तोच, पण हे असे मार्क की ज्यांना माणसांच्या जिवाची पर्वा नाही. ते शहरंच्या शहरं बेचिराख करतात. मालिकेत आधीच सांगून झालंय की बहुतेक विश्वांमध्ये मार्क आपल्या वडिलांनाच जाऊन मिळतो. आपला मार्क हा अपवाद आहे. शेवटच्या भागात कॉन्क्वेस्ट नावाचा म्हातारा योद्धा येतो, मार्कला आणि त्याच्या मैत्रिणीला मरायला टेकेपर्यंत मारतो, आणि त्यातून वाचल्यावर मार्क ठरवतो की इथून पुढे वेळ आली तर मीही जीव घेईन. आपल्या माणसांना वाचवण्यासाठी तो हे ठरवतो. पण बघणाऱ्याच्या मनात येतंच की हाही शेवटी वडिलांच्याच वाटेने निघाला का?

तुमचा मुलगा त्या रात्री का रडला हे मी इथे बसून सांगू शकत नाही, ते त्यालाच विचारायला हवं. पण सतरा-अठराव्या वर्षी, आरशात बापाचा चेहरा दिसायला लागतो त्या वयात, "मी यांच्यासारखाच होणार का?" हा प्रश्न पुष्कळ मुलांना पडतो. ज्याने मार खाल्लाय त्याला तर पडतोच. तुमच्या घरात धाकटी बहीणही आहे. मालिकेत मार्कलाही धाकटा भाऊ आहे, ऑलिव्हर. वडिलांनी दुसऱ्या ग्रहावर नवा संसार मांडला, तिथला हा मुलगा. या सीझनमध्ये ऑलिव्हर दोन गुन्हेगारांना सरळ मारून टाकतो आणि म्हणतो, वाईटच होते की ते. त्याला कसं वळण लावायचं हे मार्कला कळेनासं होतं. तो चिडतो, ओरडतो, आणि मग स्वतःच्याच आवाजाला घाबरतो. तुमचा मुलगा बहिणीशी कसा वागतो हे तुम्ही लिहिलेलं नाही. कधी तिच्यावर हात उगारतो का? उगारून खाली घेतो का? जरा लक्ष ठेवून बघा. त्याच्या प्रश्नामागे हेही असू शकतं.

मित्राशी झालेल्या भांडणाची काळजी करू नका. या मालिकेचं अ‍ॅनिमेशन हा तिच्या चाहत्यांमध्ये खरंच वादाचा विषय आहे. काही प्रसंगांत माणसं ताठ उभी असतात, फक्त तोंडं हलतात, मागची गर्दी जागची हलत नाही. आणि मोठी मारामारी आली की एकेक फटका जीव ओतून काढलेला असतो. दुसऱ्या सीझनच्या एका भागात तर मालिकेनेच हे कबूल केलंय. मार्क एका चित्रकाराला भेटतो आणि तो अ‍ॅनिमेशनमध्ये खर्च कसा वाचवतात ते समजावून सांगत असतो, त्याच वेळी पडद्यावर त्याच सगळ्या युक्त्या चालू असतात. एका मित्राला हे खटकलं असेल, दुसऱ्याला कथेपुढे त्याचं काही वाटलं नसेल. क्रिकेटवरून अशीच भांडणं होतात आणि मिटतात. मैत्री शाळेपासूनची आहे, मिटेल.

आता त्याच्या बाबांबद्दल. मला वाटतं, हे पत्र त्यांना वाचायला द्यावं, निदान इथून पुढचा भाग तरी.

ते ताटावरून उठून गेले. त्यात राग असेल, पण मुलाच्या प्रश्नाला राग एवढ्या लगेच येत नाही. लाज आधी येते, आणि ती झाकायला राग येतो. बहुधा त्यांनी स्वतःही लहानपणी मार खाल्ला असेल. त्यांच्या पिढीत बापाचा मार, मास्तरांची छडी, काकाच्या चपराकी, यावर कोणी चर्चा करत नसे. मुलं मोठी झाल्यावर तेच हसत हसत सांगायची. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आली. घरातला मार मात्र अजूनही वळण या नावाखाली खपून जातो. बाबांनी जे पाहिलं तेच केलं, हे मी समजू शकते. पण आठवीतल्या, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पट्ट्याने मारणं चूक होतं. याला दुसरी बाजू नाही, आणि असल्यासारखं मी इथे लिहिणार नाही.

त्यांनी मुलाशी बोलायला हवं. तुम्ही नाही, त्यांनी. मुलाने प्रश्न त्यांना विचारलाय. तुम्ही मध्ये पडून "बाबांना वाईट वाटतंय रे, त्यांना बोलता येत नाही" असं सांगितलंत तर मुलाला उत्तर मिळाल्यासारखं वाटेल, पण ते मिळालेलं नसेल. बापलेकांमधला निरोप्या व्हायची सवय आपल्याकडे आयांना फार असते. या वेळी ते टाळा.

काय बोलावं? फार नको. मुलगा एकटा असताना, धाकटी झोपल्यावर किंवा गच्चीवर, गाडीवरून कुठे जाताना म्हणा हवं तर, कारण गाडीवर एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि काही पुरुषांना तसंच सोपं जातं. एवढंच म्हणावं की "तू त्या दिवशी विचारलंस आणि मी उठून गेलो. मला उत्तर देता आलं नाही. मी तुला मारलं ते चुकलं." आणि त्यानंतर जे खरंच वाटलं होतं ते. त्या रात्री झोप लागली नसेल तर झोप लागली नाही म्हणावं. लगेच काही वाटलं नव्हतं, वर्षभराने कधीतरी त्याच्या पाठीवरचा वळ आठवून वाटलं, तर तसं म्हणावं. काहीच वाटलं नव्हतं आणि आत्ता वाटतंय, तरी तेच म्हणावं. मुलगा खोटं ओळखेल. मालिका बघून बघून त्याला निदान एवढं कळतं की रडणारा बाप आणि रडण्याचं नाटक करणारा बाप यांत फरक असतो.

काही वाक्यं मात्र बाबांनी आधीच मनातून काढून टाकावीत. "तुझ्या भल्यासाठीच मारलं." "माझ्या बापाने मला याच्या दसपट मारलंय." "तू काय केलं होतंस ते आठवतं का?" त्या दिवशी मुलाने काय केलं होतं हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. चोरी केली असेल, खोटं बोलला असेल, नापास झाला असेल. त्याबद्दल तेव्हाच बोलायला हवं होतं, ते पट्ट्याने झालं. आता माफी मागताना तो हिशोब पुन्हा मांडला तर ती माफी राहणार नाही.

आणि मुलाने लगेच "असू दे बाबा" म्हणावं अशी अपेक्षा नको. तो गप्प बसेल, कदाचित उठून जाईल, आता बाबांच्या ताटावरून तो. जाऊ दे. कदाचित तो चिडेलही आणि आजवर न बोललेलं सगळं बोलेल. तेव्हा बाबांनी ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. पॉवरप्लेक्सच्या त्या भागात मार्कच्या माफीने समोरच्याचं दुःख कमी झालं नाही, हे तुमच्या मुलाने पाहिलेलं आहे. तरी मार्कने माफी मागितली, हेही त्याने पाहिलंय.

सीईटी होईपर्यंत थांबावं का, असं तुमच्या मनात येईल. मी थांबणार नाही. दहा मिनिटांचं बोलणं आहे. ज्या घरात बाप पोराशी बोलत नाही त्या घरात बसून त्याचा अभ्यास होतोय असं तुम्हाला वाटतंय का? पुस्तक उघडं ठेवून तो दाराकडे कान देऊन बसत असेल. येत्या सुट्टीच्या दिवशीच बोलणं होऊ दे.

आता एक तुमच्याबद्दल, आणि हे लिहिताना मी जपून लिहितेय. बाबांनंतर मुलगा तुमच्याकडे येऊ शकतो आणि विचारू शकतो, "तेव्हा तू कुठे होतीस?" तुम्ही स्वयंपाकघरात असाल. किंवा मध्ये पडला असाल आणि ऐकलं गेलं नसेल. किंवा दाराशी उभ्या राहिला असाल. जे असेल ते त्याला सांगायची तयारी ठेवा. या मालिकेत मार्कची आई डेबी आहे, घरं विकून देणारी एजंट, अंगात कसलीही शक्ती नसलेली साधी बाई. तिला पहिल्या सीझनच्या शेवटी पडद्यावर बघावं लागतं की आपला नवरा आपल्या मुलाला मारतोय, आणि ऐकावं लागतं की त्याच्या लेखी बायको म्हणजे घरातल्या पाळीव प्राण्यासारखी आहे. दुसऱ्या सीझनमध्ये ती अंथरुणातून उठत नाही, दारू पिते, मग सुपरहिरोंच्या जोडीदारांच्या एका गटात मन मोकळं करायला जाते. तिथे एक जण निघतो ज्याची बायको नोलननेच मारलेली असते. तिथूनही तिला बाहेर पडावं लागतं. आणि त्याच सीझनमध्ये तीच डेबी नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातल्या मुलाला, ऑलिव्हरला, घरात घेते आणि वाढवते. तिसऱ्या सीझनमध्ये ती पुन्हा प्रेमातही पडते. मालिकेतल्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा मला ही बाई जास्त लक्षात राहिली. तुम्हीही बघा तिला. तुमच्या यजमानांची आणि नोलनची मी तुलना करत नाहीये, तो माणूस हजारोंचा जीव घेणारा आहे. पण तुमचा मुलगा तिच्याकडे बघताना कधीतरी तुमचा विचार करत असेलच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारते. मारणं तेव्हाच थांबलं ना? की अजून अधूनमधून होतं, तुम्हाला किंवा धाकटीला? पत्रात तसं काही नाही, म्हणून वरचं सगळं थांबलंय असं धरून लिहिलंय. थांबलेलं नसेल तर हे बोलणं पुरे नाही, मदत घ्या. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाची झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, तो एकटाच खोलीत बसत असेल किंवा जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला, फोन करा. तो मोफत आहे, कधीही करता येतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिली धाकटी. तिच्याबाबतीत मी अजिबात ढिलाई करणार नाही. ही मालिका तिच्यासाठी नाही. दिसायला ती कार्टून आहे आणि तिथेच फसगत होते. पहिला भाग जवळजवळ शेवटपर्यंत अगदी शनिवार सकाळच्या कार्टूनसारखा चालतो. वडील मुलाला उडायला शिकवतात, घरात थट्टामस्करी होते, शेवटची नावं यायला लागतात. आणि मग, बंद करायला हात पुढे केलेला असतानाच, नोलन आपल्या सहकाऱ्यांना एकेक करून ठार मारतो, डोकी फुटताना दिसतात. नऊ वर्षांच्या मुलीने हे बघायचं काही कारण नाही.

प्राइमवर ही मालिका अठरा वर्षांवरच्यांसाठी म्हणून दिलेली आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा सगळ्या कंपन्यांना वयाप्रमाणे वर्ग देणं आणि तेरा वर्षांवरच्या वर्गांसाठी कुलपाची सोय ठेवणं बंधनकारक केलंय. त्याचा उपयोग करा. धाकटीसाठी मुलांचं वेगळं प्रोफाइल उघडा आणि बाकीच्या प्रोफाइलना पिन लावा. हे काम मुलालाच सांगा, तुमच्यापेक्षा त्याला पटकन जमेल. आणि सांगताना शिक्षेसारखं सांगू नका. बहीण खांद्यावरून डोकावते, ती घाबरेल, तिची जबाबदारी तुझ्यावरही आहे, असं सांगा. ती जागी असताना हॉलमध्ये बसून बघायचं नाही, हेडफोन लावूनही नाही. ऑलिव्हरचं काय झालं हे बघितलेल्या मुलाला एवढं सांगणं पुरेल.

त्याचं स्वतःचं वयही नियमाला काही महिने कमी पडतं. तुम्ही ते त्याला सरळ सांगा आणि मग तुमचा निर्णय तुम्ही घ्या. मी तुमच्या जागी असते तर तीन सीझन बघून झाल्यावर आता त्यावरून वाद घातला नसता, कारण आत्ता त्याच्याशी बोलणं चालू राहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चौदा-पंधराचा असता तर मी वेगळं लिहिलं असतं.

बाबांनी मालिका बघावी का? आधी नको. आधी बोलावं. मालिका बघून मग बोलायला गेले तर मुलाला वाटेल की बाबा नोलनबद्दल बोलतायत. बोलणं झाल्यावर, सीईटी संपल्यावर, मुलालाच विचारावं की मला दाखवशील का. पहिला सीझन आठ भागांचा आहे, एकेक भाग पाऊण-पाऊण तासाचा. शिफ्ट सांभाळून आठवड्याला दोन केले तरी महिन्याभरात होतो. रक्त बघवलं नाही तर बाबांनी तसं म्हणावं, मुलगा त्या वेळी पुढे ढकलेल. शेवटच्या भागापाशी आल्यावर तो आज लावायचा की पुढच्या रविवारी, हे मुलाला ठरवू द्या.